नव्या देशात आलेल्यांना हात देणारी नोकरी

मागच्या महिन्यात आमच्या एका गटाची बैठक संपली, हप्ते जमा झाले, वही मिटली, आणि एका ताईंनी पिशवीतून एक रंगीत कागद काढला. त्यांची लेक एमएसडब्ल्यू झालेली. एका एजंटने तिला सांगितलं होतं की कॅनडात ‘सेटलमेंट’चा कोर्स कर, नोकरी पक्की आणि पीआरही पक्कं. पीआर म्हणजे तिथे कायम राहण्याची परवानगी. ताईंनी मला विचारलं, “मॅडम, दीड एकर गहाण टाकू का?” त्या दिवशी मला उत्तर देता आलं नाही. नंतर वाचलं, माहितगारांना विचारलं. ते आज सांगते.

आधी हे काम काय ते बघू. समजा एक बाई नवरा आणि दोन लेकरांना घेऊन जानेवारीत टोरांटोला उतरली. बाहेर बर्फ. मुलांची शाळा कुठली, दवाखान्याचं कार्ड कसं काढायचं, कामाला लागायचं तर नऊ आकडी सोशल इन्शुरन्स नंबर लागतो तो कुठे मिळतो, घरमालक जास्त पैसे मागतोय ते बरोबर आहे का? अशा वेळी तिच्यासोबत बसून एकेक गाठ सोडवणारी व्यक्ती म्हणजे सेटलमेंट वर्कर. इंग्रजी येत नसेल तर ती तिला सरकारी खर्चाच्या भाषावर्गात घालते. ‘लिंक’ नावाचे हे वर्ग 1992 पासून चालू आहेत. आपल्या सीआरपी ताई नव्या गटाला बँकेत खातं उघडायला नेतात ना, साधारण तसंच. फक्त इथे सगळा देशच नवा.

पैसा मुख्यतः सरकारचा, काम संस्थांचं. व्हँकुव्हरची ‘सक्सेस’ ही संस्था 1973 मध्ये हाँगकाँगहून आलेल्यांसाठी सुरू झाली, आज ती सगळ्यांसाठी काम करते. अशा संस्थांत येणाऱ्यांची भाषा बोलणारी माणसं लागतात, म्हणून हिंदी, पंजाबी, गुजराती येणाऱ्यांना मागणी असते. मराठी एकटीवर फार भिस्त ठेवू नका, पण आपल्या मुलींना हिंदी येतेच.

आता शिक्षण. टोरांटो मेट्रोपॉलिटन युनिव्हर्सिटीत, म्हणजे 2022 पर्यंत जिचं नाव रायर्सन होतं तिथे, या विषयात एमए करता येतं. पूर्णवेळ केलं तर साधारण वर्षभराचं. स्थलांतराचे कायदे, निर्वासितांचे प्रश्न, नोकरीतला भेदभाव असं शिकवतात. पण ही नोकरी या एमएशिवाय मिळतच नाही असं नाही. या कामातल्या कितीतरी बाया स्वतःच बाहेरून आलेल्या असतात. आधी फुकट मदतनीस म्हणून राबतात, मग पगारावर लागतात.

अडचण आपल्या बीएची. तिथे एमएला बहुतेक ठिकाणी चार वर्षांची पदवी मागतात, आपली तीन वर्षांची. पुढे एमएसडब्ल्यू झालेलं असेल तर बाजू बळकट होते, पण निर्णय त्या त्या विद्यापीठाचा. शिवाय ‘सोशल वर्कर’ ही पदवी तिथे कुणालाही लावता येत नाही. ओंटारिओ प्रांतात त्यासाठी नोंदणी लागते, आणि इथली एमएसडब्ल्यू आपोआप धरत नाहीत. सेटलमेंट वर्करला मात्र ती नोंदणी लागत नाही.

एजंटने न सांगितलेली गोष्ट पुढेच आहे. केंद्र सरकारच्या पैशावर चालणारी ही मोफत मदत पीआर मिळालेल्यांना आणि आश्रय मान्य झालेल्या निर्वासितांना असते. शिकायला आलेल्या विद्यार्थ्यांना सहसा नसते. म्हणजे जी पोरगी हे काम शिकायला जाणार, तिलाच त्या टेबलासमोर बसता येणार नाही. काही प्रांतांच्या सोयी आणि विद्यापीठाचं स्वतःचं कार्यालय, एवढाच आधार.

दुसरं, दिवस बदललेत. 2024 पासून कॅनडाने विद्यार्थी व्हिशांवर मर्यादा घातली. 2025 साठी पाच लाख लोकांना पीआर द्यायचं ठरलं होतं, ते 3,95,000 वर आणलं. नवीन माणसं कमी आली की संस्थांचं अनुदान घटतं, आणि काही ठिकाणी माणसं कमीही केली. अनुदानावरची नोकरी बऱ्याचदा ठरावीक मुदतीची असते, हे आपल्याला कुणी वेगळं सांगायला नको. फी आणि प्रवास सोडून खर्चासाठी दाखवायची रक्कम 10,000 डॉलर होती, ती 2024 च्या जानेवारीत 20,635 झाली. नंतर आणखी वाढली.

पीआरची हमी कुठलाच एजंट देऊ शकत नाही. कॅनडाच्या व्हिशावर पैसे घेऊन सल्ला द्यायला वकील किंवा परवानाधारक सल्लागारच लागतो, आणि परवान्याची यादी इंटरनेटवर कुणालाही बघता येते. कॉलेज सरकारमान्य आहे का, तेही कॅनडा सरकारच्या यादीत दिसतं. 2023 मध्ये पंजाबच्या कितीतरी मुलांची प्रवेशपत्रं खोटी निघाली, तीही तिथे जाऊन राहिल्यावर. म्हणून प्रवेशपत्र आलं की विद्यापीठाला स्वतः मेल करून खात्री करायची. मेल मुलीने लिहायचा, एजंटने नाही.

ताईंच्या लेकीला मी आणखी एक विचारलं. तुला हे काम आवडतं का, की फक्त कॅनडा आवडतो? ती हसली. म्हणाली, दोन्ही. मग मी म्हटलं, ऊसतोडीला आलेल्या कुटुंबांची पोरं शाळेत बसवायची, गरोदर बाईला दवाखान्यात न्यायचं, हे एक हंगाम तरी करून बघ. परक्या गावात आलेल्या माणसांसोबतचं काम ते हेच, आणि तिथल्या अर्जात लिहायलाही होईल.

जमीन अजून गहाण पडलेली नाही. तीन वर्षांची पदवी चालेल का, हे विचारायला तिने विद्यापीठाला स्वतः मेल केलाय. उत्तर यायचंय.