विश्लेषण : ग्लायडरचा परवाना असूनही उड्डाणास मनाई का?

इंजिन नसलेले ग्लायडर उडवण्याचा परवाना युरोपात एकदा मिळाला की त्याला मुदत नसते. तरीही परवानाधारकाला आज उडता येईल का, हे त्याच्या लॉगबुकमधील गेल्या दोन वर्षांच्या नोंदी ठरवतात. वैमानिकांच्या भाषेत याला ‘करन्सी’ म्हणतात, म्हणजे सराव चालू असणे. हे नियम काय आहेत आणि ते पुरेसे आहेत का, याविषयी...

परवाना कसा मिळतो?

युरोपीय संघाची ग्लायडर वैमानिकांसाठीची सध्याची नियमावली ८ एप्रिल २०२० पासून लागू झाली. तिच्यानुसार १४व्या वर्षापासून प्रशिक्षकाच्या देखरेखीखाली एकट्याने उडता येते. परवाना मात्र १६व्या वर्षी मिळतो. त्यासाठी किमान १५ तासांचे प्रशिक्षण लागते. त्यात १० तास प्रशिक्षकासोबत, तर २ तास एकट्याने उडावे लागते. उड्डाण आणि लँडिंग किमान ४५ वेळा करावे लागते. शिवाय एकट्याने ५० किलोमीटर किंवा प्रशिक्षकासोबत १०० किलोमीटरचा प्रवास आवश्यक असतो. लेखी परीक्षा आणि प्रत्यक्ष चाचणी असतेच.

परवान्यानंतरच्या अटी कोणत्या?

गेल्या २४ महिन्यांत किमान ५ तास आणि १५ उड्डाणे झालेली हवीत. त्याखेरीज प्रशिक्षकासोबत दोन प्रशिक्षण उड्डाणे बंधनकारक आहेत. प्रवासी सोबत न्यायचा असेल, तर गेल्या ९० दिवसांत स्वतः तीन उड्डाणे केलेली असावी लागतात. सराव कमी पडल्यास परवाना रद्द होत नाही. प्रशिक्षकाच्या देखरेखीखाली उणीव भरून काढावी लागते किंवा परीक्षकापुढे चाचणी द्यावी लागते.

तासांबरोबर उड्डाणेही का मोजतात?

वर जाणाऱ्या उष्ण हवेच्या आधारे ग्लायडर तासन् तास तरंगू शकते. एकाच उड्डाणात पाच तास भरतील, पण लँडिंगचा सराव एकदाच होईल. साध्या ग्लायडरला लँडिंग चुकले तर पुन्हा वर जाऊन दुसरा प्रयत्न करता येत नाही. त्यामुळे उंची आणि अंतराचा अंदाज पक्का असावा लागतो.

विंचचा हिशेब वेगळा का?

पुण्यात हडपसरच्या ग्लायडिंग सेंटरमुळे विंचची पद्धत अनेकांना परिचित आहे. जमिनीवरील विंच लांब केबल वेगाने गुंडाळते आणि ग्लायडर पतंगासारखे तीव्र कोनात चढते. अर्ध्या-पाऊण मिनिटात ते काही शे मीटर उंची गाठते. मध्येच केबल तुटली तर वेग क्षणात घटतो. वैमानिकाने लगेच नाक खाली करून वेग मिळवायचा आणि मगच सरळ पुढे उतरायचे की वळायचे, हे ठरवायचे. वेग मिळण्याआधी वळल्यास ग्लायडर गरगरत कोसळू शकते. विमानाने ओढून नेण्याचे कौशल्य निराळे असते. तिथे पुढच्या विमानामागे योग्य जागी राहावे लागते. म्हणून विंचसाठी प्रशिक्षकासोबत १० आणि एकट्याने ५, तर विमानासाठी ५ आणि ५ उड्डाणे आवश्यक ठरतात. पुढेही या प्रत्येक पद्धतीची दोन वर्षांत किमान पाच उड्डाणे हवीत.

हे पुरेसे आहे का?

पंधरा उड्डाणे एकाच उन्हाळ्यात उरकून वर्षभर घरी बसलेला वैमानिकही कागदोपत्री पात्र ठरतो. हात मात्र बसलेला राहत नाही. म्हणून जर्मनी, ब्रिटनमधील क्लब सरावाचा तक्ता वापरतात. अलीकडचे तास आणि उड्डाणे त्यावर मांडली की हिरवा, पिवळा किंवा लाल रंग मिळतो. ब्रिटनमध्ये २००५ मध्ये सुरक्षित विंच उड्डाणाची मोहीम सुरू झाली आणि त्यानंतर विंचचे गंभीर अपघात लक्षणीय घटले. हिवाळ्याच्या खंडानंतरचे पहिले उड्डाण प्रशिक्षकासोबत करण्याचा प्रघातही त्यासाठीच आहे. कायदा किमान मर्यादा सांगतो. आज आपला हात बसलेला आहे का, हे वैमानिकालाच प्रामाणिकपणे ठरवावे लागते.