फेनिटॉइन ९ आलंय, म्हणजे कमी आहे का?

समजा, खांदेश्वरचा एक पेशंट फिट्ससाठी फेनिटॉइन आणि व्हॅल्प्रोएट अशी दोन औषधं घेतो. रक्तातली पातळी तपासायला त्याला परळच्या केईएमला जायचंय. हार्बर लोकल, कुर्ल्याला गाडी बदलायची. डोस चुकू नये म्हणून तो सकाळच्या गोळ्या घरीच घेऊन निघतो. इथेच पहिली गडबड. व्हॅल्प्रोएटची पातळी दिवसभरात बरीच वरखाली होते, म्हणून रक्त पुढच्या डोसच्या आधी घ्यायला हवं. फेनिटॉइन सावकाश उतरतं, त्यामुळे तिथे वेळेने तेवढं बिघडत नाही. त्याची खोड वेगळीच आहे.

रिपोर्ट येतो: फेनिटॉइन ९ मिलिग्रॅम प्रति लिटर. अपेक्षित पातळी १० ते २०. मग डोस वाढवायचा? थांबा. फेनिटॉइनचा साधारण ९० टक्के भाग रक्तातल्या अल्ब्युमिनला चिकटलेला असतो. मेंदूपर्यंत पोचतो तो उरलेला मुक्त भाग. व्हॅल्प्रोएट त्याच अल्ब्युमिनवर जागा मागतं (चौथ्या सीटचं भांडण म्हणा हवं तर). सुटलेलं फेनिटॉइन यकृत निकाली काढतं, म्हणून एकूण आकडा घसरतो, मुक्त भाग मात्र फारसा घटत नाही. मुक्त भाग २० टक्के झाला असेल तर ९ पैकी १.८ मुक्त आहे. एरवी एकूण १८ असताना असतो तेवढाच! रिपोर्टमध्ये बहुतेक वेळा फक्त एकूण पातळी असते. त्यावर डोस वाढवला, तर यकृतातली एन्झाइम्स आधीच भरलेली असतात. थोड्याशा वाढीनेही पातळी भसकन चढते. डोळे भिरभिरतात, तोल जातो.

आपल्याकडे त्यात टीबीची भर. आयसोनियाझिड फेनिटॉइनचं विघटन अडवतं, रिफाम्पिसिन ते वाढवतं. दोन्ही एकत्र दिली तर कोण जिंकेल? ते पेशंट आयसोनियाझिड किती वेगाने निकामी करतो यावरही ठरतं, आणि तो वेग आनुवंशिक असतो. शिवाय रिफाम्पिसिन बंद झाल्यावर त्याचा परिणाम ओसरायला साधारण दोन आठवडे लागतात. तेव्हा मधेच घेतलेला आकडा स्थिर नसतो.

केसपेपरवरून अशा पातळ्या गोळा करणार असाल, तर शेवटचा डोस कधी घेतला, रक्त कधी काढलं, अल्ब्युमिन किती होतं, आणि बाकीची औषधं कधी सुरू-बंद झाली, हे रकाने पहिल्या दिवसापासून ठेवा. नंतर शोधायला गेलात तर शेवटच्या डोसची वेळ सहसा कुठेच लिहिलेली सापडत नाही.