चळवळीचा पैसा, आर्चबिशपांचे घर

3 डिसेंबर 1981 रोजी पोलंडमधल्या व्रोत्सवाफ शहरात सॉलिडॅरिटी या कामगार संघटनेचे काही तरुण कार्यकर्ते बँकेत गेले आणि संघटनेच्या प्रादेशिक खात्यातले 8 कोटी झ्लॉटी रोख काढून बाहेर पडले. नोटा सुटकेसींमध्ये भरल्या होत्या. त्या वर्षी पोलंडमध्ये सरासरी मासिक पगार साडेसात हजार झ्लॉटींच्या आसपास होता. म्हणजे सुमारे दहा हजार माणसांचा महिन्याचा पगार त्या सुटकेसींत होता. पुढे ही रक्कम आर्चबिशप हेन्रिक गुल्बिनोविच यांच्या निवासस्थानी पोहोचली. दहाच दिवसांनी, 13 डिसेंबरच्या पहाटे, जनरल यारुझेल्स्की यांनी लष्करी कायदा पुकारला. हजारो कार्यकर्त्यांना घरांतून उचलले गेले, कार्यालयांना कुलपे लागली, संघटनेची देशभरातली खाती गोठवली गेली. व्रोत्सवाफचे खाते तोवर रिकामे झाले होते.

सरकारने याला चोरी म्हटले. रकमेवर सही करणारे युझेफ पिन्योर भूमिगत झाले आणि 1983मध्ये पकडले गेले. पैसा कोणाचा होता, हा प्रश्न खटल्याच्या आणि प्रचाराच्या गलबल्यात बाजूलाच पडला. तो सभासदांच्या वर्गणीचा होता. पगाराचा एक टक्का, असा त्या वर्गणीचा दर होता.

गेली काही वर्षे मी पूर्व युरोपातल्या 1980च्या दशकाविषयी वाचतो आहे. त्याबद्दल कुठे बोललो की सभेनंतर एक प्रश्न हमखास येतो: ‘ते सगळे ठीक, पण पैसा कुठून येत होता?’ आणीबाणी पाहिलेल्या आमच्या पिढीला हा प्रश्न तोंडपाठ आहे. ‘परकीय हात’ हा शब्दप्रयोग आम्ही रोज ऐकला. परदेशी देणग्यांवर नियंत्रण आणणारा आपला पहिला कायदाही 1976चा, म्हणजे आणीबाणीतलाच. म्हणून विचारणाऱ्याला मी झटकून टाकत नाही. प्रश्न रास्त आहे. फक्त तो विचारायचा तर उत्तर पुरते ऐकून घ्यायची तयारी हवी. पोलंडच्या बाबतीत ते उत्तर बऱ्यापैकी तपशिलात देता येते, कारण तिथली राजवट कोसळली आणि दोन्ही बाजूंची कागदपत्रे उघडी झाली.

आधी चर्चविषयी, कारण आठ कोटी तिथेच का नेले हे त्याशिवाय कळत नाही. पोलंड बहुसंख्येने कॅथलिक देश. अल्पसंख्य म्हणून छळ व्हावा अशी तिथल्या ख्रिस्ती माणसाची स्थिती नव्हती. तो स्वतःच्याच देशात, बहुसंख्य असून, शासनाच्या नजरेत संशयित होता. कार्डिनल विशिन्स्की यांना 1953च्या सप्टेंबरात अटक झाली आणि तीन वर्षे स्थानबद्ध ठेवले गेले. क्राकूफजवळ पोलाद कारखान्यासाठी वसवलेल्या नोवा हुता या शहराच्या आराखड्यात चर्चला जागाच नव्हती. समाजवादी शहराला देव कशाला, असा हिशेब. चर्चसाठी मिळालेल्या जागेवर लोकांनी उभा केलेला लाकडी क्रूस एप्रिल 1960मध्ये हलवायला माणसे आली तेव्हा रस्त्यावर दंगल झाली. त्या शहरात पहिले चर्च उभे राहायला 1977 उजाडले. बरेचसे काम लोकांनी श्रमदानाने केले, भिंतींसाठी नद्यांतले गोटे गोळा करून आणले. त्याची प्रतिष्ठापना ज्या कार्डिनलने केली ते कारोल वोयतिवा पुढच्याच वर्षी पोप झाले.

गृहमंत्रालयात चर्चवर पाळत ठेवण्यासाठी एक स्वतंत्र खाते होते, चौथे खाते. सेमिनरीत शिकणाऱ्या मुलांना सक्तीच्या लष्करी सेवेसाठी मुद्दाम वेगळ्या तुकड्यांत पाठवले जाई, तिथे त्यांचे मन फिरवण्याचा प्रयत्न होई. येझी पोपिएवुश्को हा शेतकऱ्याचा मुलगा 1966 ते 1968 अशाच एका तुकडीत होता. प्रार्थना सोडायला नकार दिल्याबद्दल त्याने शिक्षा भोगल्या आणि तब्येत कायमची बिघडवून घेतली. त्याच्याकडे पुन्हा यायचे आहे.

तर चर्च ही पोलंडमधली एकमेव मोठी संस्था होती जिचे हिशेब, इमारती आणि माणसे पक्षाच्या ताब्यात नव्हती. आर्चबिशपांच्या घराची झडती घेणे सरकारला अशक्य नव्हते, पण महाग पडले असते.

लष्करी कायद्यानंतर चळवळीला पैसा कशाला लागत होता? भाषणबाजीला नव्हे. तुरुंगात गेलेल्यांच्या आणि कामावरून काढलेल्यांच्या घरी चूल पेटायला हवी होती. वकील लागत. आणि कागद, शाई, छपाईयंत्रे. भूमिगत साप्ताहिके हजारोंच्या संख्येने छापली जात. ‘तिगोदनिक माझोव्श्ये’ हे त्यांतले सर्वांत प्रसिद्ध, मुख्यतः स्त्रियांनी चालवलेले. ही रीत नवी नव्हती. 1976च्या जूनमध्ये रादोम आणि उर्सुस इथे दरवाढीविरुद्ध उठलेल्या कामगारांना मारझोड आणि बडतर्फी झाली, तेव्हा वॉर्सातल्या काही लेखक-प्राध्यापकांनी कामगार संरक्षण समिती काढली होती आणि दंड, वकील, घरखर्च यांसाठी निधी उभारला होता. सॉलिडॅरिटीचा पाया तिथे आहे असे मला वाटते. 1980च्या ऑगस्टमधला ग्दान्स्कच्या गोदीतला संप हा त्याचा कळस. तो संपही एका बडतर्फीतून पेटला: आना वालेन्तिनोविच या क्रेनचालक बाईंना निवृत्तीला काही महिने उरले असताना काढून टाकले होते.

चर्चनेही मदतीची व्यवस्था उभारली. वॉर्सातल्या जुन्या भागात, सेंट मार्टिन चर्चच्या आवारात, स्थानबद्धांच्या कुटुंबांसाठी मदत समिती बसे: औषधे, कपडे, डबाबंद अन्न. 3 मे 1983 रोजी तिथे साध्या कपड्यांतली माणसे घुसली आणि मदतकार्य करणाऱ्यांना त्यांनी झोडपले. मार खाणाऱ्यांत बार्बारा सादोव्स्का ही कवयित्री होती. नऊ दिवसांनी तिचा एकुलता मुलगा ग्झेगोश प्शेमिक शालान्त परीक्षेनंतर मित्रांबरोबर हिंडत असता पोलिसांच्या हाती लागला. ठाण्यात त्याच्या पोटावर इतके घाव घातले गेले की दोन दिवसांत तो गेला. एकोणिसावे वर्ष पुरे व्हायचे होते. सरकारने दोष रुग्णवाहिकेच्या कर्मचाऱ्यांवर ढकलला. त्याची अंत्ययात्रा वॉर्साच्या झोलिबोश भागातल्या सेंट स्तानिस्लाव कोस्तका चर्चमधून निघाली. तिथे पोपिएवुश्को धर्मगुरू होते.

आता परदेशी पैसा. तो होता, आणि लपवण्यात अर्थ नाही. अमेरिकेतल्या एएफएल-सीआयओ या कामगार महासंघाने लेन कर्कलंड यांच्या नेतृत्वाखाली 1980मध्येच निधी उघडला. त्यावर अमेरिकी परराष्ट्रमंत्री एडमंड मस्की अस्वस्थ झाले, कारण रशियाला निमित्त मिळेल ही भीती. कर्कलंड यांनी ऐकले नाही. स्वीडनच्या आणि फ्रान्सच्या कामगार संघटनांनीही मदत केली. 1982मध्ये ब्रसेल्सला सॉलिडॅरिटीचे परदेश कार्यालय सुरू झाले, येझी मिलेव्स्की ते सांभाळत. 1983मध्ये स्थापन झालेल्या नॅशनल एन्डाउमेंट फॉर डेमॉक्रसी या अमेरिकी संस्थेचा निधी याच मार्गाने येऊ लागला. आणि सर्वांत खाली, अंधारात, सीआयए. 1982च्या अखेरीस रेगन यांनी मंजूर केलेल्या त्या मोहिमेचे सांकेतिक नाव क्यूआरहेल्पफुल. सेथ जोन्स यांनी 2018च्या पुस्तकात तिचा हिशेब मांडला आहे: सगळ्या वर्षांत मिळून दोन कोटी डॉलरच्या आत. शस्त्रे नव्हती, पैसा आणि छपाईचे सामान, तेही मध्यस्थांच्या साखळीतून. घेणाऱ्यांतल्या बहुतेकांना मूळ हात कोणाचा हे ठाऊक नव्हते. त्याच दशकात अफगाण मुजाहिदीनांवर अब्जावधी डॉलर ओतले गेले, हे शेजारी ठेवून पाहावे.

सामान यायचे कसे? अन्न-औषधांच्या ट्रकमधून, जहाजांवरून. 1986च्या नोव्हेंबरात श्विनोउइश्चे बंदरात स्वीडनहून आलेला एक ट्रक पकडला गेला. आत छपाईयंत्रे सापडली. सरकारी दूरचित्रवाणीला आयताच पुरावा मिळाला.

माझ्या दृष्टीने इथे क्रम महत्त्वाचा आहे. 1980च्या उन्हाळ्यात संप झाला तेव्हा ना ब्रसेल्सचे कार्यालय होते ना ती गुप्त मोहीम. साडेतीन कोटींच्या देशात वर्षभरात सुमारे एक कोटी माणसे सभासद झाली. एवढी माणसे पगारातून वर्गणी देतात तेव्हा कोणाला विकत घेण्याचा प्रश्नच उरत नाही. परदेशी पैसा आला तो वर्गणीची वाट बंदुकीने बंद केल्यानंतर. त्याने चळवळ जन्माला घातली नाही. भूमिगत छापखाने चालू राहायला मात्र त्याचा उपयोग निश्चित झाला. गुप्ततेचीही किंमत होतीच. आपल्या शाईची किंमत कोण भरतो हे छापणाऱ्याला ठाऊक नसणे मला आजही खटकते, आणि उद्दिष्ट पटते म्हणून ते खटकू नये असे मी स्वतःला सांगू शकत नाही.

पोपिएवुश्को यांच्यावरचा आरोपही अखेर पैशापाशीच आला. ते दर महिन्याला झोलिबोशला मातृभूमीसाठी मिस्सा अर्पण करत. हजारो माणसे चर्चबाहेर रस्त्यावर उभी राहत. परदेशातून आलेली औषधे आणि कपडेही त्यांच्या चर्चमधून वाटले जात. डिसेंबर 1983मध्ये ख्वोदना रस्त्यावरच्या त्यांच्या छोट्या सदनिकेची झडती झाली आणि तिथे स्फोटके, काडतुसे, पत्रके ‘सापडली’. ती आधीच नेऊन ठेवलेली होती. वॉर्साच्या एका सायंदैनिकाने लगेच त्या सदनिकेवर लेख छापला: धर्मगुरूला ही जागा परवडली कशी? जागा अमेरिकेतल्या मावशीने घेऊन दिली होती. परदेशी पैसा सापडला, तो एवढा.

1984च्या पहिल्या सहामाहीत त्यांना तेरा वेळा चौकशीला बोलावले. सरकारचे प्रवक्ते येझी उर्बान यांनी टोपणनावाने लिहिलेल्या लेखात त्यांच्या मिस्सांना द्वेषाचे प्रयोग म्हटले. कार्डिनल ग्लेम्प यांनाही ते अडचणीचे वाटत होते. त्यांना शिकायला रोमला पाठवावे असा विचार चालू होता. छळ झालेल्या चर्चमध्येही छळ होणाऱ्या माणसाला आतून फार उबदार वागणूक मिळाली असे नाही, हेही नोंदवायला हवे.

19 ऑक्टोबर 1984च्या संध्याकाळी बिदगोश्च इथे त्यांनी रोझरीची प्रार्थना चालवली. भीतीपासून आणि मुख्य म्हणजे सूडाच्या इच्छेपासून मुक्ती मिळावी, हे तिचे सूत्र होते. परतताना तोरून्यजवळ त्यांची गाडी अडवली गेली. चालकाने धावत्या गाडीतून उडी टाकली, म्हणूनच अपहरण उघडकीला आले. 30 ऑक्टोबरला विस्तुला नदीवरच्या व्वोत्सवावेकच्या जलाशयातून प्रेत काढले. हातपाय बांधलेले, पायांना दगडांची पिशवी. वय 37.

मारेकरी चौथ्या खात्याचे अधिकारी होते. कॅप्टन पिओत्रोव्स्की आणि त्यांचे दोन हाताखालचे लेफ्टनंट. कर्नल पिएत्रुश्का यांना चिथावणीबद्दल शिक्षा झाली. तोरून्यच्या खटल्यात बाहेर आले की गाडी मंत्रालयाची फियाट होती, नंबरपाटी खोटी, आणि जवळ वाहतूक पोलिसांनी अडवू नये म्हणून दिलेला खास परवाना. चळवळीच्या पैशाचा माग काढणाऱ्या शासनाच्या पैशानेच ती गाडी धावली. पिओत्रोव्स्की आणि पिएत्रुश्का यांना 25 वर्षांची शिक्षा झाली, ती पुढे कमी होत गेली. त्यांच्यावर कोणी काय हुकूम दिला होता, हे त्या कोर्टात खणले गेले नाही. सरकारी वकिलाने मात्र भाषणात मृत धर्मगुरूच्या ‘अतिरेका’वरही ठपका ठेवला.

2010मध्ये चर्चने पोपिएवुश्को यांना ‘धन्य’ घोषित केले. झोलिबोशच्या आवारातल्या त्यांच्या थडग्याभोवती मोठ्या दगडांची रोझरी आहे, पोलंडच्या नकाशाच्या आकारात मांडलेली.

गुल्बिनोविच यांची गोष्ट वेगळी झाली. आठ कोटी सांभाळणारा आर्चबिशप म्हणून त्यांना देशभर मान मिळाला. ते कार्डिनल झाले. 2011मध्ये त्या पैशावर चित्रपटही निघाला. नोव्हेंबर 2020मध्ये, लैंगिक अत्याचाराच्या आणि गुप्त पोलिसांशी सहकार्याच्या आरोपांची चौकशी झाल्यावर, व्हॅटिकनने त्यांच्यावर शिक्षा बजावली: सार्वजनिक समारंभ नाहीत, बिशपची चिन्हे नाहीत, कॅथेड्रलमध्ये अंत्यविधी आणि दफन नाही. त्यानंतर दहा दिवसांनी, 97व्या वर्षी, ते वारले.