ढाल फोटोसाठी नाही, पेलण्यासाठी!

मागच्या शिवजयंतीच्या प्रात्यक्षिकात मी मुद्दाम सगळ्यात मोठी ढाल उचलली. पितळी, चकचकीत, फोटोत एकदम भारी! भंडारा पडलं पितळेचं गाव, त्यामुळे पितळ आपलंच वाटतं. पण मिनिटभरात हात खाली आला आणि मैत्रिणीची लाठी थेट भुवईवर बसली. तीन टाके पडले. घरी आल्यावर आई म्हणाली, "पुरे झालं आता हे."

मी खेळ सोडला नाही, ढाल बदलली. जवाहरनगरच्या कॉलनीत आम्ही काही मुलं-मुली पुन्हा सरावाला लागलोय. तुम्हीही मर्दानी खेळात उतरणार असाल, तर माझ्या टाक्यांचा तुम्हाला फायदा होऊ द्या.

आधी ढाल उलटी करून बघा

आपली ढाल गोल आणि फुगीर असते. फुगीर असल्यामुळे वार तिच्यावरून घसरतो. वरची चार फुलं ही नुसती नक्षी नाही. आतल्या कड्या ज्या खिळ्यांनी बसवतात, त्यांची टोकं ती झाकतात. आत छोटी गादी आणि दोन मुठी असतात, दोन्ही एकाच पंजात धरायच्या. युरोपातल्या बऱ्याच ढाली पट्ट्यांनी हाताला बांधलेल्या असत. आपली ढाल मुठीत असते, म्हणून ती पुढे सरकवता येते, पटकन फिरवता येते. पण त्यामुळे सगळा भार मनगटावर येतो. जुन्या ढाली साधारण 8 ते 24 इंचांपर्यंत सापडतात. प्रत्येकाचा हात वेगळा, तशी ढालही वेगळी.

तुम्ही खेळता कसे?

*पायात चपळाई असेल तर* छोटी ढाल घ्या. फरी-गदक्यातली फरी छोटीच असते. 2023 च्या गोव्यातल्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धेत गतका होता, त्यातही सोटीसोबत फरी असते. छोट्या ढालीनं अंग कसं झाकणार? समजा, समोरच्याच्या हातात टॉर्च आहे. ढाल टॉर्चच्या जितकी जवळ न्याल, तितकी तिची सावली मोठी पडेल. म्हणून फरी छातीशी धरायची नाही, पुढे न्यायची.

*दांडपट्टा खेळत असाल तर* मध्यम ढाल बरी. पट्ट्याची खोबण मनगटापासून पुढचा हात झाकतेच. शिवाय पट्टा मोठ्या घेरात फिरतो, मोठी ढाल त्याच्याच आड येते.

*गटात लढायचं असेल तर* मोठी ढाल कामाची. युरोपात चिलखत घालून बुहुर्ट खेळतात. 2010 मध्ये युक्रेनच्या खोतिन किल्ल्यात त्याची 'बॅटल ऑफ द नेशन्स' ही स्पर्धा पहिल्यांदा झाली. तिथं वार कुठूनही येतो आणि ढालीनं ढकलताही येतं. एकास एक लढतीत मात्र तीच ढाल ओझं होते आणि आपलीच नजर अडवते.

घेण्याआधी एवढं कराच

- हात पुढे करून ढाल दोन मिनिटं धरा. खांदा थरथरला तर ती तुमची नाही.
- मूठ आवळून मनगट चारही दिशांना फिरवा. बोटांची हाडं आत टेकत असतील तर गादी जाड करून घ्या.
- कडेवरून बोट फिरवा. धार किंवा खिळा लागला तर ती सरावाला नको.
- पूर्वी गेंड्याच्या कातड्याच्या ढाली असत. 1972 च्या वन्यजीव कायद्यानंतर तो विषय संपला. आज चामडं किंवा फायबर घ्या, पितळ शोकेसमध्ये राहू द्या.
- ढाल कितीही चांगली असली तरी हेल्मेट हवंच. हे मी भुवईला हात लावून सांगतेय!

1670 मध्ये सिंहगडावर तानाजी मालुसऱ्यांची ढाल तुटली आणि ते डाव्या हातावर वार झेलत लढले, असं सभासद बखरीत आहे. आपण ही गोष्ट शौर्याची म्हणून ऐकतो. मला आता त्यात आणखी एक दिसतं. ढाल म्हणजे शेवटी आपला हातच. हाताला पेलत नसेल, तर ती किती मोठी आहे याला काही अर्थ नाही.

माझी आताची ढाल बारा इंचांची आहे, चामड्याची, फोटोत अगदीच साधी दिसते. आई सराव बघायला येते. अजून डोळे अर्धे मिटूनच बघते, पण येते.