दिव्यांगमित्र मंडळ : कोणासाठी आणि कोणाबरोबर?

३ डिसेंबर हा आंतरराष्ट्रीय दिव्यांग दिन. संयुक्त राष्ट्रसंघाने १९९२ साली तो घोषित केला. त्यानिमित्त काही शाळांतून विद्यार्थ्यांची दिव्यांगमित्र मंडळे स्थापन होतात, भित्तिपत्रके लागतात, भाषणे होतात. उपक्रम स्तुत्य आहे. परंतु एक प्रश्न विचारणे अगत्याचे आहे: ज्यांच्याविषयी मंडळ बोलते, ती मुले त्या सभेत असतात काय?

पुष्कळदा नसतात. सभा दुसऱ्या मजल्यावर भरते. चाकाच्या खुर्चीवरील मुलगी तेथे पोहोचू शकत नाही. सभा शाळा सुटल्यावर होते. मुलाला घरी नेणारी रिक्षा तोवर थांबत नाही. सूचना फक्त फळ्यावर लिहिली तर ती अंध मुलाला कळत नाही, फक्त तोंडी दिली तर कर्णबधिराला. कोणीही मुद्दाम वगळलेले नसते. तरीही मूल वगळले जातेच.

यावरील उपाय खर्चाचे नाहीत. सभा तळमजल्यावर, मधल्या सुट्टीत घ्यावी. सूचना लेखी व तोंडी, दोन्ही प्रकारे द्यावी. एका वेळी एकानेच आणि समोर तोंड करून बोलावे, म्हणजे ओठांच्या हालचालींवरून समजून घेणाऱ्यास सोयीचे होते. पायरीजवळ उतार बांधायचा असल्यास एक फूट उंचीला बारा फूट लांबी हे प्रमाण पाळावे; अधिक चढ असलेला उतार धोक्याचा ठरतो.

दुसरी गोष्ट सदस्यत्वाची. १९९५ च्या कायद्यात दिव्यांगत्वाचे ७ प्रकार होते. २०१६ च्या कायद्याने ते २१ केले. त्यांत स्वमग्नता, अध्ययन अक्षमता, थॅलेसेमिया, हिमोफिलिया यांचाही समावेश आहे. यांतील कित्येक बाबी डोळ्यांना दिसत नाहीत. म्हणून 'तुला काय झाले आहे?' असे प्रवेशद्वारीच विचारू नये. सरकारी सवलतीसाठी प्रमाणपत्र लागते, मैत्रीसाठी नव्हे.

तिसरी गोष्ट दृष्टिकोनाची. डोळ्यांवर पट्टी बांधून चालण्याचा खेळ मुलांना अंधत्वाची केवळ भीती दाखवतो. पांढरी काठी व ब्रेल आत्मसात केलेल्या व्यक्तीचे कौशल्य त्यातून कळत नाही. अशा व्यक्तीलाच बोलवावे आणि तिचे ऐकावे. 'आमच्याविना आमच्याविषयी काहीही नको' हे दिव्यांग चळवळीचे जगन्मान्य घोषवाक्य आहे. तेव्हा मंडळाचे अध्यक्षपद, चिटणीसपद, कार्यक्रमाची आखणी यांत दिव्यांग विद्यार्थ्यांना खराखुरा वाटा हवा. केवळ सत्कारासाठी त्यांना व्यासपीठावर बसवणे पुरेसे नाही.

हा उपकाराचा विषय नाही. शासनमान्य वा अनुदानित शाळांनी दिव्यांग मुलांना शिक्षण, क्रीडा व मनोरंजनाची इतरांच्या बरोबरीने संधी द्यावी, ही जबाबदारी २०१६ च्या कायद्याच्या कलम १६ मध्ये नमूद आहे.

मुख्याध्यापक व शिक्षकबंधुभगिनींना एवढेच सुचवावेसे वाटते: पुढील सभेची जागा आणि वेळ ठरवण्यापूर्वी, ज्या मुलाला तेथे येणे सर्वांत अवघड आहे, त्याला प्रथम विचारावे. त्याच्या सोयीने ठरलेली सभा इतर कोणालाही अवघड जाणार नाही.