रक्तातलं कवच, की रोजची गोळी?

नवरा एचआयव्हीबाधित, बायकोचा रिपोर्ट निगेटिव्ह. अशी जोडपी अहिल्यानगर जिल्ह्यातही आहेत. मग 'हिच्या रक्तातच काहीतरी आहे' अशी कुजबुज होते. एचआयव्हीला दाद न देणारं रक्त असतं हे खरं. पण ते आपल्याकडे असेल, हा भरवसा धोक्याचा.

गैरसमज : काहींना एचआयव्ही होतच नाही, आपणही त्यातलेच असू.
वस्तुस्थिती : पांढऱ्या पेशीत शिरताना हा विषाणू आधी तिच्यावरच्या 'सीडी४' या प्रथिनाला चिकटतो, मग बहुधा 'सीसीआर५' या प्रथिनाचा आधार घेतो. या प्रथिनाच्या जनुकातली ३२ अक्षरं काही जणांत गळालेली असतात, हे १९९६मध्ये उघड झालं. असं जनुक आई आणि वडील दोघांकडूनही आलं, तरच विषाणूचा हा आधार जातो. उत्तर युरोपीय वंशाच्या लोकांत ते शंभरात एखाद्याला लाभतं. भारतीयांत अतिशय दुर्मीळ.

गैरसमज : हा बदल असला की भीती संपली.
वस्तुस्थिती : बदल एकाच बाजूने आला असेल तर लागण होते, फक्त आजार सावकाश वाढतो. दोन्हीकडून आला तरी 'सीएक्ससीआर४' या दुसऱ्या वाटेने शिरणारे विषाणू आहेतच.

गैरसमज : इतकी वर्षं सोबत राहून लागण नाही, म्हणजे प्रतिकारशक्ती जन्मजात.
वस्तुस्थिती : प्रत्येक संबंधात लागण होतेच असं नाही, पण कालची सुटका उद्याची हमी नव्हे. नैरोबीत वर्षानुवर्षं निगेटिव्ह राहिलेल्या देहविक्रीतल्या काही स्त्रियांना पुढे लागण झाली. नवऱ्याची एआरटी, म्हणजे एचआयव्हीवरची रोजची गोळी, नियमित चालू असेल आणि व्हायरल लोड, म्हणजे रक्तातलं विषाणूचं प्रमाण, तपासणीत सापडणार नाही इतका खाली टिकला असेल, तर संबंधांतून विषाणू पसरत नाही. अशा घरात श्रेय गोळीचं. म्हणून गाव सोडून ऊसतोडीला निघताना पुरेशा गोळ्या आधीच मागून घ्याव्यात. खंड पडला की व्हायरल लोड पुन्हा चढतो.

गैरसमज : बोनमॅरो बदलला की एचआयव्ही बरा होतो.
वस्तुस्थिती : 'बर्लिन पेशंट' टिमोथी रे ब्राउन असा बरा झाला. मात्र २००७मधलं ते प्रत्यारोपण रक्ताच्या कर्करोगासाठी होतं, आणि दाता मुद्दाम दोन्हीकडून हा बदल लाभलेला निवडला होता. जिवावर बेतू शकणारा हा उपाय गोळ्यांनी ठणठणीत राहणाऱ्यांसाठी नाही.

गैरसमज : तपासणी केली की गावभर होतं.
वस्तुस्थिती : २०१७च्या एचआयव्ही-एड्स कायद्याने गोपनीयतेला संरक्षण दिलं आहे. सरकारी रुग्णालयांच्या आयसीटीसी (समुपदेशन आणि चाचणी) केंद्रांत चाचणी मोफत होते. एआरटीची औषधंही २००४पासून सरकारी केंद्रांत मोफत मिळू लागली. माहितीसाठी १०९७ हा क्रमांक आहे. नगरमध्ये डॉ. गिरीश कुलकर्णी यांनी १९८९मध्ये सुरू केलेली 'स्नेहालय' संस्थाही बाधितांसाठी काम करते.

आणि त्या निगेटिव्ह बायकोनेही दर सहा महिन्यांनी पुन्हा तपासून घ्यावं.