विश्लेषण : ७२ तासांत जमीन ‘वाचायला’ शिकता येते? पर्माकल्चर कोर्समध्ये नेमके काय असते?

दोन आठवडे शेतावर मुक्काम, हातात फावडे आणि शेवटी प्रमाणपत्र. ‘पर्माकल्चर डिझाइन कोर्स’च्या अशा जाहिराती शहरातल्या नोकरदारांच्या फोनवर दिसत असतात. शुल्क भरण्यापूर्वी, आणि मुख्य म्हणजे राजीनामा देण्यापूर्वी, या कोर्समध्ये काय मिळते आणि काय मिळत नाही, हे पाहू.

कल्पना कुठली?

ऑस्ट्रेलियातील टास्मानियात बिल मॉलिसन आणि डेव्हिड होल्मग्रेन यांनी १९७०च्या दशकात ही मांडणी केली. ‘पर्माकल्चर वन’ हे त्यांचे पुस्तक १९७८ मध्ये आले. जंगलाला कोणी खतपाणी घालत नाही, तरी ते टिकते. मग घर, शेत, पाणी, झाडे आणि जनावरे यांची जुळणी तशी करता येईल का, हा मूळ प्रश्न. मॉलिसन यांनी १९८७ मध्ये भारतात येऊन कोर्स घेतला. पुढे तेलंगणात नरसन्ना कोप्पुला यांनी हे काम वाढवले. २०१७ मध्ये आंतरराष्ट्रीय पर्माकल्चर परिषद हैदराबादेत भरली.

डिझाइन कोर्स किमान ७२ तासांचा असावा, हा संकेत जगभर पाळला जातो. अभ्यासक्रमाचा पाया मॉलिसन यांचा १९८८ मधील जाडजूड ग्रंथ आहे.

प्रत्यक्ष हाताने काय करायचे?

पहिल्या काही दिवसांतच ‘ए-फ्रेम’ हातात येते. सारख्या लांबीच्या दोन काठ्या वर एकत्र बांधायच्या, मध्ये एक आडवी काठी आणि शेंड्यापासून दोरीला लोंबणारा दगड. झाले यंत्र तयार. ते जमिनीवर उभे करून दोरी आडव्या काठीला जिथे लागते तिथे खूण करायची. मग दोन्ही पायांच्या जागांची अदलाबदल करून दुसरी खूण. दोन खुणांचा मध्य म्हणजे ‘समपातळी’. दोरी या मध्यावर स्थिर झाली की दोन्ही पाय एकाच उंचीवर आहेत, असे समजायचे. असे एकेक पाऊल टाकत, चुन्याने खुणा करत गेले की उतारावर समपातळी रेषा उमटते. ती बहुधा सरळ नसते. सपाट वाटणारे शेत प्रत्यक्षात किती वळणावळणाचे आहे, ते इथे कळते. पाणलोटाच्या कामात सलग समतल चर खोदलेल्या गावांना हे नवे नाही. शहरातून आलेल्यांना मात्र ही जादू वाटते.

यामागचे गणित सोपे आहे. एक चौरस मीटरवर १ मिलिमीटर पाऊस म्हणजे १ लिटर पाणी. दहा गुंठे म्हणजे साधारण १,००० चौरस मीटर. तिथे २५ मिलिमीटरची एक सर पडली तर २५,००० लिटर पाणी, म्हणजे दहा हजार लिटरचे अडीच टँकर. यातले किती वाहून जाऊ द्यायचे आणि किती मुरवायचे, हे चर ठरवतो. खोदलेली माती उताराच्या खालच्या बाजूला टाकायची आणि त्या बांधावर झाडे लावायची.

मात्र हाच धडा सगळीकडे लागू होत नाही. कोकणातल्या आणि घाटातल्या तीव्र उतारावर धो धो पावसात चर खोदून पाणी साठवणे म्हणजे माती घसरण्याला आमंत्रण. काळ्या चिकण मातीत पाणी तुंबून मुळे कुजू शकतात. जादा पाण्याला सांडवा तर कुठेही हवाच. हे न सांगता फक्त चर खोदायला लावणारा कोर्स अर्धवट म्हणावा लागेल.

नकाशा कशाला?

शेवटचे दिवस डिझाइनचे. घर शून्य क्रमांकावर धरून पाच पट्टे आखतात. रोज लागणारी कोथिंबीर-मिरची दाराशी, फळझाडे त्यापुढे, पाचव्या पट्ट्यात हात न लावलेले रान. शिवाय नैऋत्येचा वारा, दुपारचे ऊन, उन्हाळ्यात वणवा कुठून येईल, हेही नकाशावर येते.

‘हे तर आजीच्या परसात होतेच,’ असा शेरा हमखास ऐकू येतो. तो निम्मा खरा आहे. कोल्हापूरचे श्रीपाद दाभोळकर यांनी ‘प्रयोग परिवार’मधून दहा गुंठ्यांत एका कुटुंबाच्या गरजा भागवण्याचा विचार मांडला होता. फरक इतकाच, की आजीने जमीन वर्षानुवर्षे पाहिली होती. कोर्समध्ये ते पाहणे थोडक्यात शिकवतात. प्रत्यक्ष पाहायला पुढचे दोन-तीन पावसाळे लागतातच.

प्रमाणपत्राचा उपयोग काय?

ही पदवी नाही, सरकारी परवानाही नाही. या प्रमाणपत्राने कोणी कागदोपत्री शेतकरी होत नाही. महाराष्ट्रात शेतकरी नसलेल्या व्यक्तीला शेतजमीन घ्यायची तर कूळवहिवाट कायद्यानुसार जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते. हा मुद्दा वर्गात निघाला नाही तर तो स्वतः काढावा. उत्पन्नाचेही तसेच. नारळ, आंब्याचे पैसे हातात यायला वर्षे जातात आणि घराचा हप्ता दर महिन्याला येतो.

शुल्क भरण्याआधी तीन गोष्टी विचाराव्यात : ७२ पैकी किती तास शिवारात जातील? शिकवणाऱ्यांची स्वतःची जमीन किती वर्षांची आहे आणि ती मे महिन्यात पाहता येईल का? तिथला पाऊस आणि माती तुमच्या गावासारखी आहे का? जमीन नसेल तर गावाकडच्या नातेवाइकांचे शेत किंवा सोसायटीचे आवार डिझाइनसाठी चालेल का, तेही आधीच विचारून घ्यावे.